पत्र्याखालचे दहा सेंटिमीटर

पहाटे ५:३०

चाकणमध्ये बाजारपेठेच्या मागे एक इमारत. दुसऱ्या मजल्यावर तिघींची एक खोली. भाडं साडेसात हजार, माणशी अडीच. ती उठते आणि आधी चार्जिंगचे दिवे बघते. लॅपटॉप भरलाय. लेझर मीटर भरलंय. टॅगचा डबा भरलाय. मग गॅसवर चहा.

ती बार्शीकडची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला. हातात बावीस हजार येतात. काम असं, की कारखान्याच्या शेडमध्ये कुठली वस्तू आणि कुठला माणूस नेमका कुठे आहे हे सांगणारी रेडिओ यंत्रणा बसवायची. आणि बसवल्यावर ती किती खरं सांगते ते तपासायचं. यंत्रणेचं नाव अल्ट्रा-वाइडबँड. साइटवर सगळे यूडब्ल्यूबीच म्हणतात.

पिशवी भरते. पन्नास मीटरची पोलादी टेप. लेझर मीटर. ओळंबा. नेटवर्क केबलला टोक बसवायची पक्कड. मूठभर कनेक्टर. खडूचं खोकं. खडू सगळ्यात स्वस्त, आणि दिवसभर सगळ्यात जास्त तोच लागतो.

सकाळी ६:४५

शेअर रिक्षाचे वीस रुपये देऊन आम्ही, ती आणि आज तिच्यासोबत फिरणारा मी, एमआयडीसीतल्या गेटवर उतरतो. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. आज पहिल्या शिफ्टला शेड बंद आहे, देखभालीसाठी. दुपारी साडेतीनला दुसरी शिफ्ट येईल. तोवर शेड तिच्या ताब्यात.

गेटवर नोंदी. लॅपटॉपचा नंबर लिहून घेतात. फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर. सेफ्टी शूज, हेल्मेट, पिवळं जॅकेट. उंचीवर काम असल्याने वेगळं परमिट लागतं. त्यावर तीन सह्या. तिसरी सही करणारे साहेब साडेसातला येतात. तेवढा वेळ ती गेटबाहेर टपरीवर हेल्परला चहा पाजते. दहा रुपये कप.

हेल्पर खेड तालुक्यातला. वीस-एकवीस वर्षांचा. रोज सातशे. तिला ताई म्हणतो.

सकाळी ७:४०

शेड मोठं. ७२ मीटर लांब, ३६ मीटर रुंद. वर पत्रा, खाली काँक्रीट, मधे लोखंडी रॅक. मी फोनवर नकाशा उघडतो. निळा ठिपका मला बाहेरच्या वजनकाट्यावर उभा दाखवतो.

त्यात फोनचा दोष नाही. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. तिथून आलेला सिग्नल इथे पोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो की पत्रा त्याला अडवतो. ब्लूटूथवाली यंत्रणा सिग्नलच्या जोरावरून अंतराचा अंदाज बांधते. तिच्यात काही मीटरांची चूक सहज होते. ट्रॉली कुठल्या विभागात आहे तेवढं कळायला ते चालतं. इथलं काम वेगळं आहे. फोर्कलिफ्टच्या तीन मीटरच्या आत माणूस आला, की भोंगा वाजला पाहिजे आणि गाडीचा वेग आपोआप कमी झाला पाहिजे. इथे चूक मीटरांत मोजून भागत नाही.

म्हणून शेडच्या खांबांवर २१ अँकर लावलेत. लांबीत दर १२ मीटरला एक, अशा तीन रांगा. तळहाताएवढी पांढरी डबी, मागे एक केबल. वीज आणि डेटा दोन्ही त्याच केबलमधून. माणसाच्या अंगावर आणि गाडीवर असतो तो टॅग. टॅग आणि अँकर एकमेकांशी बोलतात. त्या बोलण्याला किती वेळ लागला, त्यावरून अंतर निघतं.

सकाळी ८:१५

सिझर लिफ्ट वर चढते. चालवणारे मामा जुन्नरचे. पन्नाशीचे. लिफ्टचं दिवसाचं भाडं अडीच हजार, त्यातले मामांचे आठशे. ती हार्नेसचे दोन्ही हूक कठड्याला अडकवते आणि ओढून बघते. मग हेल्परचे तपासते.

सहा मीटर उंचीवर पहिला अँकर. तिला त्याचे तीन आकडे हवेत. लांबीत किती, रुंदीत किती, उंची किती. खांबापासून लेझर मारते. खालून ओळंबा सोडून हेल्पर जमिनीवर फुली करतो. मग फुलीपासून मूळ खांबापर्यंत पुन्हा लेझर. दोन्ही मापं जुळली तरच वहीत लिहायचं.

"ताई, तीन सेंटिमीटरचा फरक येतोय."

"परत माप. ओळंबा हलतोय. थांबू दे त्याला."

ओळंबा थांबतो. फरक अर्ध्या सेंटिमीटरवर येतो. तिची पेन्सिल चालते.

इथे घाई चालत नाही. अँकरची जागा दहा सेंटिमीटर चुकीची लिहिली, तर त्याच्या भरवशावर काढलेलं प्रत्येक उत्तर चुकतं. आणि ते रोज चुकतं, कायम एकाच दिशेला. संगणकाला ते ओळखता येत नाही. वहीत लिहिलं ते त्याच्यासाठी खरं.

एकवीस अँकर. लिफ्ट खाली, पुढे, वर. खाली, पुढे, वर. गेल्या आठवड्यात निम्मे मोजून झालेत. आज उरलेले.

सकाळी १०:१०

खाली उतरून दोन लाकडी तिवया मांडते. लोखंडी स्टँड ती वापरत नाही. लोखंडावरून लहर उसळते. एका तिवईवर अँकर, दुसरीवर टॅग. मधलं अंतर लेझरने बरोबर ८ मीटर. दोन्ही यंत्रं तिने अर्ध्या तासापूर्वीच चालू करून ठेवलीत. आतला स्फटिक गार असताना त्याचा ठेका वेगळा, तापल्यावर वेगळा.

स्क्रीनवर आकडा येतो. ८.१७.

सतरा सेंटिमीटर जास्त. ती हसत नाही, वैतागतही नाही. हे व्हायचंच असतं. रेडिओलहर प्रकाशाच्या वेगाने जाते, एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर. चिपमधून निघून अँटेनापर्यंत जायला, आणि तिकडे अँटेनापासून चिपपर्यंत पोचायला, तिला थोडा वेळ लागतो. चिप तो वेळही हवेतल्या प्रवासात धरते. हा प्रत्येक यंत्राचा स्वतःचा विलंब. तो मोजून वजा करावा लागतो.

हजार मापं घेते. सरासरी काढते. दुरुस्ती भरते. पुन्हा हजार. आता ८.०२. मग तिवई सरकवून १२ मीटर. १२.०४. मग ४ मीटर. ३.९७. लांबचा सिग्नल मंद आणि जवळचा जोरदार, त्यानेही मापात थोडा फरक पडतो. त्याचा तक्ता असतो. तोही ती भरते.

डब्लिनच्या डेकावेव्ह कंपनीने बनवलेली डीडब्ल्यू१००० ही चिप या कामात खूप वापरली गेली. २०२० मध्ये ती कंपनी अमेरिकेतल्या कोर्वोने घेतली. ही चिप वेळ मोजते ती सुमारे १५.६५ पिकोसेकंदांच्या टप्प्यांनी. तेवढ्या वेळात प्रकाश पाच मिलिमीटरही पुढे जात नाही. कागदावर हे फार छान दिसतं. शेडमध्ये यायचं, तर मधे अँटेना आहे, स्फटिक आहे, लोखंड आहे, माणूस आहे.

स्फटिकाचं एक उदाहरण ती मला वहीवर मांडून दाखवते. टॅगने हाक दिली. अँकरने एक मिलिसेकंद थांबून ओ दिली. दोघांच्या घड्याळांत दहा लाखांत फक्त २० ठोक्यांचा फरक आहे. तेवढ्याने वेळेत १० नॅनोसेकंदांची चूक येते. म्हणजे अंतरात ३ मीटर. भोंगा जिथे वाजायला हवा, तेवढीच पूर्ण चूक. म्हणून हाक-ओ एकदा करून थांबत नाहीत. टॅग आणखी एक निरोप पाठवतो, आणि दोन्ही बाजूंच्या वेळा एकत्र मांडून घड्याळांतला फरक जवळजवळ काढून टाकतात.

सकाळी ११:००

चहा आणि वडापाव. तिघांचे नव्वद रुपये. पैसे ती देते आणि पावतीऐवजी वहीच्या मागच्या पानावर लिहिते. महिनाअखेरीला कंपनीकडून मिळतात. न मिळालेलेही असतात.

मामा विचारतात, "एवढ्या डब्या लावल्या. अंगाला काही होतं का यानं?"

ती आकडा सांगते. अमेरिकेच्या संपर्क आयोगाने २००२ मध्ये या तंत्राला वाट मोकळी केली. ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झचा पट्टा दिला, पण ताकदीवर कडक मर्यादा घालून. ५०० मेगाहर्ट्झ रुंदीचा सिग्नल धरला, तर सगळी मिळून ताकद सुमारे ३७ मायक्रोवॅट. मोबाइल फोन याच्या हजारो पट जोराने बोलतो.

"मग एवढ्याशा ताकदीत चालतं कसं?"

"रुंद असल्यामुळे, मामा. पट्टा जेवढा रुंद, तेवढा ठोका तोकडा. आपला ठोका दोनेक नॅनोसेकंदांचा. सरळ आलेला ठोका आणि भिंतीवर आपटून मागून आलेला ठोका वेगवेगळे दिसतात. जो पहिला आला तो आपला."

मामा मान हलवतात. चहाचा कप डब्यात टाकतात.

सकाळी ११:३०

आता खडू. शेडभर ४० फुल्या मारायच्या. प्रत्येक फुलीची खरी जागा लेझरने काढायची, आणि तिथे टॅग लावलेली काठी एक मिनिट उभी धरायची. यंत्रणा काय म्हणते ते नोंदवायचं. खरं आणि सांगितलेलं यांतलं अंतर म्हणजे चूक. अचूकता तपासायचा याहून सोपा मार्ग नाही.

हेल्पर काठी धरतो. ती ओळंब्याने काठी सरळ आहे का बघते. मग दूर जाते. सरळ रेषेत उभं राहायचं नाही, हा नियम. माणसाच्या अंगात पाणी. पाणी या लहरी शोषून घेतं.

शेडच्या मध्यावर चूक ८ सेंटिमीटर. पुढच्या फुलीवर ११. मग ९. हेल्पर खूश होतो. मग ईशान्येचा कोपरा येतो. ५२.

ती तिथेच उकिडवी बसते. वर बघते. या कोपऱ्यात एका खांबापुढून हवेची मोठी नळी गेली आहे. एका अँकरची नजर त्या नळीने अडवली आहे. उरलेले सगळे एकाच बाजूला. तीन माणसं एकाच ओळीत उभी राहून लांबचं झाड किती दूर आहे हे सांगायला लागली, तर तिघांची उत्तरं सारखीच डळमळतात. झाडाच्या दोन्ही अंगांना माणूस हवा. अँकरचंही तसंच आहे.

दुसरी अडचण उंचीची. सगळे अँकर सहा मीटरवर, एकाच पातळीत. त्यामुळे आडवं माप नीट येतं, उभं माप भरकटतं. रॅकच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या खणातला फरक कळायचा, तर एखाद-दोन अँकर खाली दोन मीटरवर हवेत. तिने हे कागदावर आधीच मागितलं होतं. तेव्हा खर्च म्हणून वगळलं गेलं.

दुपारी १:१५

कँटीन. कारखान्याच्या कायम कामगारांना थाळी स्वस्त. कंत्राटी माणसांना चाळीस रुपये. बाहेरून आलेल्यांना सत्तर. आमच्या टेबलवर दुसऱ्या शिफ्टची दोन माणसं लवकर येऊन बसलीत. दोघं कंत्राटी. एक स्टोअरमधला, एक फोर्कलिफ्ट चालवणारा.

स्टोअरमधला टॅगकडे बोट दाखवतो. "मॅडम, हे गळ्यात घातल्यावर मी संडासला किती वेळ होतो, तेही वर दिसणार का?"

ती खोटं बोलत नाही. "यंत्राला दिसू शकतं, दादा. इथे आपण संडास आणि कँटीनमध्ये अँकर लावलेले नाहीत. गाडीच्या रस्त्यापुरतेच लावलेत. पण नोंद किती दिवस ठेवायची, कोणी बघायची, ते तुमचे साहेब ठरवणार. तुम्ही विचारा त्यांना. लेखी विचारा."

तो भाजी वाढून घेतो. फोर्कलिफ्टवाला बोलतो. "माझ्या गाडीखाली मागं एकाचा पाय आला असता. वळणावर माल एवढा रचलेला, दिसलाच नाही. हे नीट चाललं तर मला हवंय." थोड्या वेळाने पुन्हा बोलतो. "नीट चाललं तर."

दुपारी २:१०

कोपऱ्यातला अँकर हलवायचा. नळीच्या पलीकडच्या खांबावर. केबल अठरा मीटर जास्त लागणार. मीटरला अठ्ठावीस रुपये. पाचशे चार. ती सुपरवायझरला फोन लावते, होकार घेते आणि तसा मेसेज पाठवून ठेवते.

लिफ्ट वर. लोखंडी खांबाला भोक पाडायची परवानगी नाही. म्हणून पट्ट्याची क्लँप. डबी खांबाला चिकटवून लावायची नाही, हात पुढे काढून लावायची. मागच्या लोखंडावरून उसळलेली लहर सरळ लहरीत मिसळली, की पहिला ठोका कुठला ते कळत नाही. हेल्पर केबल ट्रेमधून ओढतो. ती कनेक्टर दाबते. पहिला फुकट जातो. दुसरा लागतो. हिरवा दिवा.

पुन्हा लेझर, पुन्हा ओळंबा, पुन्हा वही. मग खाली येऊन त्याच फुलीवर काठी. १९ सेंटिमीटर. बावन्नचे एकोणीस. ती हेल्परला अंगठा दाखवते.

दुपारी ३:३०

भोंगा. दुसरी शिफ्ट आत येते. दहा मिनिटांत शेड वेगळं होतं. रॅक भरायला लागतात. लोखंडी बिन, पत्र्याच्या गुंडाळ्या, ब्रेक ड्रमचे ढीग. चार फोर्कलिफ्ट. पंचवीस-तीस माणसं.

स्क्रीनवरचे ठिपके थरथरतात. सकाळी ९ सेंटिमीटर दाखवणारी जागा आता ३५ म्हणते. रॅकच्या मधल्या गल्लीत तर ठिपका रॅकमध्येच शिरतो.

कारण साधं आहे. टॅग आणि अँकर यांच्यामध्ये लोखंड आलं. सरळ वाट बंद झाली. लहर दुसरीकडे आपटून वळसा घेऊन आली. वळसा म्हणजे जास्त वेळ, जास्त वेळ म्हणजे जास्त अंतर. अडथळ्यामुळे अंतर वाढूनच येतं, कमी होऊन येत नाही. जाड भिंतीतून लहर गेली तरी तसंच. आत तिचा वेग मंदावतो.

ती सेटिंग उघडते. सरळ आलेला पहिला ठोका क्षीण, आणि मागून प्रतिध्वनींचा मोठा लोंढा, असं दिसलं की त्या वेळेपुरतं त्या अँकरचं ऐकायचं नाही. ही गाळणी किती कडक ठेवायची? फार कडक ठेवली तर ऐकायला अँकरच उरत नाहीत. ढिली ठेवली तर खोटं आत येतं. ती आकडा बदलते, गल्लीत फिरून येते, पुन्हा बदलते. तासभर हेच.

मग टॅग कुठे लावायचा? कमरेला लावला तर माणूस वळला, की अंगच आड येतं. गळ्यात लावला तर पाठीमागचे अँकर दिसत नाहीत. हेल्मेटवर लावला तर सगळीकडचे दिसतात, पण चाळीस ग्रॅम वजन डोक्यावर. स्टोअरमधला दादा हेल्मेट घालून मान वळवून बघतो. "चालंल," म्हणतो.

संध्याकाळी ५:००

फोर्कलिफ्टची चाचणी. गाडीच्या छतावर टॅग, वीज गाडीच्याच बॅटरीतून. शेडमध्ये वेगाची मर्यादा ताशी १० किलोमीटर. म्हणजे सेकंदाला २.८ मीटर. यंत्रणेने सेकंदाला एकदाच जागा सांगितली, तर सांगेपर्यंत गाडी जवळजवळ तीन मीटर पुढे गेलेली असते. मग दहा सेंटिमीटरची अचूकता काय कामाची? म्हणून गाडीच्या टॅगला सेकंदाला दहा वेळा बोलायला लावलंय. ट्रॉलीचा टॅग मिनिटातून एकदा बोलतो, नाहीतर त्याची बॅटरी टिकत नाही.

माणसाच्या जागी पुठ्ठ्याची खोकी रचून वर टॅग लावलाय. फोर्कलिफ्टवाला वळण घेतो. भोंगा. गाडी मंदावते. ती टेपने अंतर मोजते. पुन्हा. वळण, भोंगा, टेप. काही वेळा २.७० ला वाजतो, काही वेळा ३.४०. एकदा २.१० ला. फोर्कलिफ्टवाला उतरून ती फुली स्वतः बघतो.

संध्याकाळी ६:१५

केबिनमध्ये सुपरवायझर साहेब. टेबलावर ऑर्डरचा कागद. त्यावर छापलंय, अचूकता १० सेंटिमीटर.

ती तिचा तक्ता ठेवते. शेड चालू असताना निम्मी मापं १३ सेंटिमीटरच्या आत. शंभरातली पंचाण्णव ४६ च्या आत. सगळ्यात वाईट माप १.७ मीटर, पत्र्याच्या गुंडाळ्यांच्या गल्लीत.

"सरासरी लिही ना. बरी दिसेल."

"लिहिते सर. ही पण लिहिते. अपघात सरासरीला होत नाही."

मग ती हिशोब मांडते. गाडीच्या जागेत अर्धा मीटर चूक, माणसाच्या जागेत अर्धा मीटर. झाला एक. माहिती जाऊन ब्रेक लागेपर्यंत ०.३ सेकंद, तेवढ्यात गाडी ८४ सेंटिमीटर पुढे. तीन मीटर खरोखर मोकळे हवे असतील, तर यंत्रात पाच लिहावे लागतील.

साहेब कपाळ चोळतात. पाच मीटर म्हणजे गाडी दिवसभर रांगत चालणार. माल वेळेत निघाला नाही तर फोन त्यांना येतो. दोन मिनिटं कोणी बोलत नाही. मग ते मुख्य रस्त्यावर आणि वळणांवर पाच मीटरला सही करतात. गुंडाळ्यांच्या गल्लीत यंत्रावर भरवसा ठेवायचा नाही, माणसांनी पायी जायचंच नाही, असा फलक लागणार. खालच्या पातळीवर दोन अँकर वाढवायचा प्रस्तावही ते वर पाठवतात.

संध्याकाळी ७:२०

हिशोब. हेल्परचे सातशे, वर दोन तासांचे दोनशे. लिफ्टचे अडीच हजार. केबल पाचशे चार. एक कनेक्टर वाया, बारा रुपये. चहा-वडापाव. तिचा ओव्हरटाइम नसतो, ती स्टाफमध्ये धरली जाते.

गेटवर लॅपटॉपचा नंबर पुन्हा जुळवतात. बाहेर रस्त्यावर कंटेनरांची रांग लागली आहे. रिक्षाला आता तीस रुपये.

हे तंत्र २०१९ पासून आयफोनमध्येही आलं. हरवलेली किल्ली सोफ्याच्या कुठल्या फटीत आहे ते त्यातून कळतं. तिथे चूक झाली तर दुसरी फट बघायची. शेडमध्ये चूक झाली तर कुणाचा तरी पाय जातो. म्हणून तुमच्या कारखान्यात, गोदामात किंवा इस्पितळात कुणी येऊन दहा सेंटिमीटरचा आकडा सांगितला, तर चार गोष्टी जरूर विचारा. रिकाम्या जागेत मोजलं की चालू कामात? शंभरातल्या किती वेळा? सगळ्यात वाईट माप किती आणि कुठे आलं? आणि खडू घेऊन प्रत्यक्ष मोजलं कोणी? चौथ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर आधीच्या तिन्ही उत्तरांवर सही करू नका.